आईच्या डाव्या हाताखालचा डाग

३ फेब्रुवारी

मा. सचिव,
परिसर स्मृती समिती,
वाचनालय, वरचा मजला.

महोदय,

रविवार, दिनांक २ फेब्रुवारी रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आपल्या समितीच्या अध्यक्षांनी 'आपली साधी माणसं' या प्रदर्शनातल्या शेवटच्या फलकावरचा पडदा ओढला, त्या क्षणी जो अन्याय उघड झाला, त्याबद्दल हे पत्र आहे.

फलकावर एका कुटुंबाचा फोटो आहे. खुर्चीवर बसलेली बाई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या शेजारी तिचा नवरा. मागे उभी असलेली, मान ताठ ठेवलेली पोरगी मी. हा फोटो माझ्या बहिणीच्या पलंगासमोरच्या भिंतीवर तिच्या मरणापर्यंत होता आणि त्यात, तिच्या डाव्या हाताखाली, काहीतरी होतं. आपल्या फलकावर तिथे स्वच्छ, गुळगुळीत, रिकामी जागा आहे. वर आपण 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो शेजारी लावून त्याची जाहिरात केली आहे. एका पाहुण्याने विचारलं, "या बाईंचा हात असा अधांतरी का? कोंबडी धरायला निघाल्यात का?" आपले अध्यक्ष हसले. आपणही हसलात. मी पाहिलं.

जे काढलं ते कोणाच्या परवानगीने काढलं, आणि ते परत कधी ठेवणार, एवढ्या दोनच गोष्टी मला कळवाव्यात. लेखी. मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली आहेत. फोनवर दिलेला शब्द किती वेळ टिकतो, हे मला आपल्याला विचारायची गरज नाही.

आपली,
फोटोत मागे उभी असलेली

*

७ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र पोचलं. 'महोदय' वाचून बायको खुर्चीवरून पडायची बाकी होती. अगं, लहानपणी माझं नाक पुसायचीस तू, आणि आता मी 'मा. सचिव'?

तू का चिडलीस ते माझ्या लक्षात आलंय. माहितीच्या पट्टीवर तुझा उल्लेख 'एक नातेवाईक' असा झालाय. चूक झाली, कबूल. 'धाकटी बहीण, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी' अशी नवी पट्टी मी सोमवारीच लावतो. तुझा चेहरा जरा फिकट आलाय तोही गडद करून घेऊ.

बाकी फोटोतून जे काढलं तो डाग होता, मावशी. बुरशी म्हण, ओल म्हण. माझ्या लहानपणापासून तो खुर्चीच्या बाजूने वर चढत होता. आणखी थोडी वर्षं गेली असती तर आईचा चेहराच खाऊन टाकला असता त्यानं. आई होती तोवर तिनं फ्रेमला हात लावू दिला नाही. ती गेल्यावर मी पहिलं काम ते केलं. जुने फोटो साफ करणारा एक चांगला माणूस मिळाला. त्यानं मूळ फोटोच काचेतून काढला आणि कापसाच्या बोळ्यांनी हळूहळू, आठवडाभर बसून, स्वच्छ केला. परवानगी कोणाची घेणार? मी तिचा एकुलता एक मुलगा आहे.

खरं सांगू? हे प्रदर्शन मी तिच्यासाठीच मांडलंय. आपल्या गल्लीतल्या पेटी दुरुस्त करणाऱ्याला, पाणी सोडणाऱ्याला, शिलाईवालीला कोण विचारतं? आईनं अख्ख्या परिसराचे चेहरे सुंदर केले आणि तिचं कुठे नाव नाही. म्हणून तिचा फलक शेवटी, मध्यभागी ठेवला. तू येऊन शांतपणे बघ. राग सोड. गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझा

*

९ फेब्रुवारी

बाळ,

'महोदय' मागे घेते. आता तुला बाळच म्हणायला हवं, कारण जे लिहायचं आहे ते सचिवाला लिहिता येणार नाही.

मी 'एक नातेवाईक' असले तरी माझं काही बिघडत नाही. पट्टी बदलू नकोस. माझा चेहरा गडद करू नकोस, तो त्या वयातही फारसा बघण्यासारखा नव्हता.

तो डाग नव्हता. ती तुझी मोठी बहीण होती.

पाणी पी आणि मग पुढचं वाच.

तुझी आई फोटो स्टुडिओत काय करायची, हे तू फलकावर लिहिलं आहेस, 'फोटो सुंदर करायची'. सुरकुत्या, देवीचे व्रण, तिरळे डोळे ती पेन्सिलीच्या टोकाने घालवायची, हे खरं. पण लोक लांबून तिच्याकडे यायचे ते दुसऱ्याच कामासाठी. त्या धंद्यात त्याला 'मागाहून बसवणं' म्हणायचे. घरातलं कोणी गेलेलं असायचं आणि सगळ्यांचा मिळून एकही फोटो नसायचा. मग उरलेली माणसं स्टुडिओत यायची आणि फोटोवाला त्यांना सांगायचा, "जागा सोडून बसा." नवऱ्याच्या शेजारी एक खुर्ची रिकामी, किंवा दोन भावांच्या मध्ये एका खांद्याएवढी फट. त्या फटीत तुझी आई गेलेल्या माणसाला बसवायची. जुना फोटो असला तर त्यावरून. नसला तर घरच्यांना समोर बसवून विचारायची, नाक कोणासारखं होतं, हसताना कोणता गाल आधी हलायचा. लोक सांगता सांगता रडायचे आणि ती मान खाली घालून काढत राहायची. नवरे, मुलं, आया, सगळ्यांना तिनं परत घरात आणून बसवलं.

तुझ्या जन्माआधी तिला एक मुलगी होती. आम्ही तिला भिंगरी म्हणायचो, कारण ती सरळ चालतच नसे, गिरक्या घेत जायची. चार वर्षांची असताना तिचा घसा धरला आणि आठवडाही लागला नाही. तिचा एकही फोटो नव्हता. आई फोटो स्टुडिओत आणि पोरीचा फोटो नाही! लोकांना ते खरं वाटत नसे. पण फोटोवाला काळ्या कापडाखाली डोकं घालायचा ना, त्याला ती इतकी घाबरायची की किंचाळून स्टुडिओ डोक्यावर घ्यायची. "मोठी झाली की काढू," असं तुझी आई म्हणायची.

ती गेल्यानंतरच्या वर्षी आम्ही तिघं तो फोटो काढायला बसलो. जागा सोडून. तुझ्या आईने डावा हात पोरीच्या डोक्यावर ठेवावा तसा ठेवला. मग तिनं त्या हाताखाली तिला काढलं.

त्या हाताखाली कोंबडी नव्हती.

तुझी मावशी

*

१९ फेब्रुवारी

मावशी,

दहा दिवस लिहिता आलं नाही. रोज लिहायला बसायचो आणि उठायचो.

मी त्या फोटो साफ करणाऱ्याकडे गेलो होतो. सांगितलं नाही त्याला काय होतं ते, नुसतं विचारलं. तो बिचारा कौतुकाने सांगायला लागला. म्हणाला, "साहेब, असा डाग मी पाहिलाच नव्हता. थरावर थर. आधी कापसावर राखाडी उतरला. मग काळपट. मग निळा. मग बराच वेळ गुलाबी. आणि सगळ्यात खाली पेन्सिलीची एक बारीक रेघ, कानासारखी. ती खोडरबराने गेली." बोळे त्यानं केव्हाच फेकून दिलेत. मी त्याच्या दुकानाबाहेर येऊन बाकावर बसलो.

मावशी, मला एक सांग. मी खोटं बोलत नाही, आणि मला भास होत नाहीत. तो डाग वाढायचा. मी लहान होतो तेव्हा तो आईच्या गुडघ्याएवढा होता. शाळेत असताना कोपरापर्यंत आला. माझं लग्न झालं तेव्हा तो तिच्या खांद्याला लागला होता. मी भिंतीला हात लावून बघायचो, ओल कुठून येते म्हणून. भिंत कोरडी. गवंड्याला दोनदा बोलावलं. आई म्हणायची, "राहू दे रे, तुला काय त्रास होतोय त्याचा?" पेन्सिलीने काढलेली मुलगी वाढेल कशी?

आणि दुसरं. शेवटच्या आजारात आई संध्याकाळ झाली की मला म्हणायची, "तिला आत घे. बाहेर गार आहे." मी दार उघडून मांजर आत घ्यायचो. ती मांजराकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची, आणि भिंतीकडे तोंड करायची. मी बायकोला म्हणायचो, आईला मांजराचा किती लळा.

तू मला का नाही सांगितलंस? कोणीच का नाही?

मी समितीपुढे विषय मांडतो. फोटो साफ करणारा म्हणतो की माझे लहानपणीचे फोटो दिले तर तो कॉम्प्युटरवर त्यावरून एक मुलगी तयार करून तिथे बसवू शकेल. हुबेहूब, म्हणतो.

*

२१ फेब्रुवारी

बाळ,

हुबेहूब कोणासारखी? तो माणूस तिला भेटला होता का?

तुझ्यावरून बनवलेली मुलगी मला नको. तू वडिलांवर गेलास, रुंद कपाळ, जाड भुवया. ती आमच्या घराण्यावर गेली होती. डावा डोळा जरा आत वळायचा. पुढचा एक दात पायरीवर पडून तुटला होता आणि त्या फटीतून ती शीळ घालायची. मशीनने काढलेली गोंडस पोर त्या हाताखाली उभी केलीस तर मी स्वतः येऊन फलक उतरवीन, आणि माझ्या वयाचा विचार न करता उतरवीन.

का नाही सांगितलं, विचारतोस. तुझ्या आईनं तसं ठरवलं होतं. तू पोटात होतास तेव्हा शेजारपाजारच्या बायका यायच्या आणि म्हणायच्या, "तीच परत येणार बघ." ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती म्हणाली, "येणारं येईल ते स्वतःचं येईल. कोणाची रिकामी जागा भरायला मी त्याला जन्म देत नाही." म्हणून तुला सांगायचं नाही. तू घरात दुसऱ्याचा कपडा घालून वाढू नयेस, एवढंच तिला हवं होतं. मला ते पटलं होतं. अजून पटतं.

आता वाढण्याचं.

दर वर्षी, मुलीच्या वाढदिवशी, तू शाळेत गेलास की ती फ्रेम उतरवायची, काच काढायची आणि बसायची. फ्रॉक थोडा लांब करायची. आधी गुलाबी होता. मग एका वर्षी म्हणाली, "आता ही गुलाबी घालणार नाही, मोठी झाली," आणि निळा केला. दोन वेण्या घातल्या. पुढे एक केली. डोळा आत वळायचा म्हणून चष्मा दिला, मग नाही आवडला, चष्मा काढला. जुन्यावर नवं, जुन्यावर नवं. फोटोच्या कागदाला किती रंग सोसणार? मी म्हणायचे, "अगं, चेहरा हरवत चाललाय." ती म्हणायची, "मला दिसतो ना." तिला दिसायचा. आम्हाला डाग दिसायचा. मलासुद्धा शेवटी शेवटी डागच दिसायचा, फक्त तो कुठे हसतो हे मला माहीत होतं.

मरायच्या आधीच्या वर्षी तिनं मला पांढऱ्या रंगाची बाटली आणायला सांगितली. हात कापत होते तिचे. मी विचारलं, आता पांढरा कशाला? तर म्हणाली, "केस पिकले असतील ना आता तिचे. कानापाशी थोडे." मी बाटली आणून दिली. तिनं काळ्यात पांढरा मिसळला. तो तुझ्या माणसाच्या कापसावर सगळ्यात आधी उतरलेला राखाडी.

तुझी ताई तुझ्या घरात, तुझ्या डोळ्यांसमोर म्हातारी झाली. हे तू वाचलं पाहिजेस म्हणून लिहिते, तुला रडवायला नाही.

त्या मांजराबद्दल स्वतःला खाऊ नकोस. तू तरी दार उघडत होतास.

तुझी मावशी

*

१ मार्च

मावशी,

काल समितीची बैठक झाली. वाईट बातमी आहे, सरळच सांगतो.

मी विषय मांडला. अध्यक्ष म्हणाले, सहानुभूती आहे, पण प्रदर्शन आणि पुस्तिका 'परिसरासाठी काम केलेल्या साध्या माणसांची' आहे. चार वर्षांच्या मुलीनं परिसरासाठी काय केलं? असं एकाला घेतलं तर प्रत्येक घरातून एकेक जण येईल, मग आपण कोणाकोणाला घ्यायचं? शिवाय साफ केलेला फोटो सगळ्यांनाच आवडलाय. तोच पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर घ्यायचं ठरलंय. हाताकडे लक्ष जातं म्हणून तो भाग कापून घेणार आहेत. पुस्तिका शुक्रवारी, सात तारखेला छापायला जाते.

मत घेतलं तेव्हा मी तटस्थ राहिलो. माझ्याच घरचा विषय, मी बोललो असतो तर पक्षपात दिसला असता. कार्यपद्धतीला धरून तेच योग्य होतं. तू समजून घेशील.

फोटो आम्ही घरी परत आणू, नंतर. तुझ्याकडे ठेव हवं तर.

*

३ मार्च

बाळ,

नाही. समजून घेत नाही.

ज्या खोलीत तुझ्या बहिणीबद्दल मत घेतलं गेलं, तिथे तिच्या बाजूने हात वर करू शकणारा जगात एकच माणूस बसला होता, आणि त्याने कार्यपद्धतीला धरून हात मांडीवर ठेवला. पक्षपात! भावाने बहिणीचा पक्ष घेतला नाही तर काय तुझ्या अध्यक्षांनी घ्यायचा? आमच्या शाळेतल्या सिस्टर मला उद्धट म्हणून वर्गाबाहेर उभं करायच्या. बाहेर उभं राहून मी एक शिकले, की आत बसलेले सगळे सभ्य असतात आणि त्यांच्यातलं कोणी तोंड उघडत नाही.

चार वर्षांच्या मुलीनं परिसरासाठी काय केलं, हे अध्यक्षांना विचारायचं आहे ना? मग लिहून घे. ती रोज दुपारी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे जाऊन विचारायची, "किती वाजले?" तो एकटा माणूस होता. चिडका, तोंडाळ, कोणाशी धड बोलत नसे. तिला मात्र दुकानातलं एकेक घड्याळ कानाला लावून ऐकवायचा. ती गेली त्या दिवशी तो दुकान बंद करून आमच्या पायरीवर येऊन बसला. आत येईना, घरी जाईना. संध्याकाळी उठताना म्हणाला, "आता मला वेळ कोण विचारणार?" त्याचा फलक तुम्ही लावला आहे, घड्याळं ठेवून, फार छान. त्याला तुम्ही 'परिसराचा लाडका कारागीर' म्हटलं आहे. तो लाडका नव्हता. एका पोरीनं त्याचा लाड केला होता, तेवढाच.

तुम्ही पेटीवाल्याला आठवता, पाणी सोडणाऱ्याला आठवता, कारण त्यांनी कामं केली. काम केल्याशिवाय माणसाला आठवायचं नाही, असा नियम कोणी केला? ती इथे राहत होती. या गल्लीत तिला ताप आला आणि या गल्लीतून तिला नेलं. प्रत्येक घरातून एकेक जण येईल म्हणून तुझे अध्यक्ष घाबरतात. येऊ देत की! तेवढ्यासाठीच तर तुम्ही दालन भाड्याने घेतलंत.

आता माझं ऐक. मुखपृष्ठावर तो फोटो घ्यायचा तर अख्खा घ्यायचा. हात कापायचा नाही. माझ्या बहिणीनं तो हात कोणासाठी धरला होता हे तुला माहीत झाल्यावर तो कापू दिलास, तर कापसाच्या बोळ्यांना दोष देऊ नकोस, ते तुझं काम असेल. त्या जागेत काहीही काढायचं नाही, रंग नाही, मुलगी नाही, कॉम्प्युटर नाही. ती जागा सोडलेली आहे. खाली पट्टीवर लिहायचं की या फोटोत चार माणसं आहेत, आणि चौथं कोण ते. तू लिहायचंस. मी नाही, समिती नाही. मी ऐंशी पार केली आहे आणि तो तुटलेला दात, तो आत वळणारा डोळा आता फक्त माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी गेले की तिला पाहिलेलं कोणी उरत नाही. तू तिला पाहिलं नाहीस, पण तू तिच्या शेजारी जेवलास, अभ्यास केलास, लग्न केलंस. आता तुझ्याशिवाय तिचं कोणी नाही.

तेव्हा मला लेखी उत्तर हवं आहे. गुरुवार, दिनांक ६ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत, माझ्या हातात. फोन करू नकोस, बायकोला पाठवू नकोस. समितीच्या शिक्क्याचा कागद आला तर मी तो न उघडता परत पाठवीन. पत्रात पट्टीचा मजकूर पूर्ण हवा. तुला आयुष्यात कोणाला ताई म्हणायची वेळ आली नाही. त्या मजकुरात तिचा उल्लेख करताना ती तुझी कोण, तो शब्द तू तुझ्या अक्षरात लिहिलेला मला दिसला पाहिजे. तसं पत्र गुरुवारी पाचपर्यंत आलं नाही, तर शुक्रवारी सकाळी छापखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसलेली म्हातारी तुझी मावशी असेल, आणि ती तिथून उठणार नाही.

उत्तराची वाट पाहते.

मावशी